चांदण्यांतलें दूध

कोजागिरीच्या रात्रीं आटीव दुधाचें पातेलें उघड्यावर ठेवावें, त्यांत चंद्राचें प्रतिबिंब पाहावें आणि मगच तें दूध प्यावें, अशी आपल्याकडे रीत आहे. माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांतून ती अद्याप पाळली जाते. अंगणाच्या जागीं गच्ची आली आणि पितळेच्या जागीं स्टील आलें, इतकाच काय तो फरक. आमच्या घरांत मात्र १९८१ नंतर कोजागिरी झाली नाहीं. त्या रात्रीं आई लवकर निजते. नव्या पाहुण्यांना याचें नवल वाटतें. आम्हांला वाटत नाहीं, कारण तें कां बंद पडलें हें आम्हां सर्वांना ठाऊक आहे. निदान मला ठाऊक आहे असें मी समजत होतों. गेल्या पावसाळ्यांत एका मित्राच्या प्रयोगशाळेंत तास-दीड तास बसून आलों आणि आपल्याला तें मुळींच ठाऊक नव्हतें असें ध्यानांत आलें.

शहापूर तालुक्यांत भातसा नदीवर जें मोठें धरण आहे, त्याच्या कामावरील माणसांच्या वसाहतीला भातसानगर म्हणतात. माझे वडील पाटबंधारे खात्यांत हिशेबनीस होते व माझें बाळपण त्या वसाहतींत गेलें. एकाच साच्यांतून काढल्यासारखीं घरें, मागें सागाचीं झाडें, पावसाळ्यांत पायरीपर्यंत येणारे खेकडे, आणि उघडीप पडली कीं दूरवर दिसणारे माहुलीचे सुळके. कोंकणापासून खानदेशापर्यंतचीं कुटुंबें तेथें एकत्र आलेलीं. त्यामुळें एकाच ओळींत तीन तऱ्हेची आमटी शिजे. आज मुंबईला लागणाऱ्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वांटा या भातशाचा आहे. तें पाणी पांजरापुरास गाळून, शुद्ध करून, रोजच्या रोज तपासून मग शहरांत जातें. धरणाच्या आसपासच्या कित्येक पाड्यांना मात्र चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते. हें विषयांतर वाटेल. परंतु तपासणी कोणाच्या ताटापर्यंत पोंचते, याचा विचार मला पुढें करावयाचाच आहे.

वसाहतींत शीतपेटी एकच, ती बंगल्यावरच्या साहेबांची. बाकी सर्व घरांची शीतपेटी म्हणजे पाण्याच्या परातींत ठेवलेलें पातेलें, आणि अन्नपरीक्षक म्हणजे माझी आई. तिच्या नाकाची ख्याति होती. दुधाला नुसतें हुंगून ती सांगे, "नासलं नाहीं, पण नासायच्या बेतांत आहे, आतांच विरजण लावून टाक." शेजारणी वाटींतून सकाळचें वरण घेऊन येत व ती तें नाकाशीं धरून निवाडा देई. त्या निवाड्यावर अपील नसे. मला आठवतें तेव्हांपासून तिचा निकाल कधीं चुकलेला नव्हता, आणि तिला त्याचा थोडा अभिमानही होता.

१९८१ ची कोजागिरी आमच्या ओळीनें एकत्र करावयाची ठरली. जवळच्या पाड्यावरून सकाळींच दूध आलें. आईनें तें पितळेच्या मोठ्या पातेल्यांत दुपारपर्यंत आटविलें, वेलदोडे-जायफळ घातलें, झांकण ठेवलें आणि पातेलें माजघरांत निवत ठेवलें. ऑक्टोबरचा उकाडा होता. संध्याकाळीं तिनें झांकण काढून वास घेतला, चमचाभर चाखून पाहिलें, पुन्हां एक चांगली उकळी दिली, आणि चंद्र वर आल्यावर अंगणांत सर्वांना पेले वांटले. गाणीं झालीं, भेंड्या झाल्या. मध्यरात्र उलटून गेली आणि पहिली उलटी शेजारच्या घरांत ऐकूं आली. नंतर दुसऱ्या घरांत, मग आमच्याकडे. पहांटेपर्यंत निम्म्याहून अधिक ओळ आजारी होती. धरणाच्या ट्रकांतून माणसें तालुक्याच्या गांवीं दवाखान्यांत नेलीं. बहुतेक जण दुसऱ्या दिवशीं उठून बसले. एक चार वर्षांची मुलगी मात्र चार दिवस डोळे उघडीना. तिच्या आईनें आमच्या आईला एक शब्दही बोलून दाखविला नाहीं. तो बोलून दाखविला असता तर बरें झालें असतें, असें मला आतां वाटतें.

डॉक्टरांनीं "दुधांत कांहीं असावें" एवढेंच सांगितलें. दुधाची तपासणी झाली नाहीं. उरलेलें दूध कोणी तरी पहांटेच ओतून दिलें होतें. मग तपासणीचें काम ओळीनें हातीं घेतलें. पातेल्याची कल्हई उडाली होती, असा एक पक्ष. दुधांत पाल पडली असावी, असा दुसरा. पाल ही आपल्या देशांतील सर्व अन्नविषबाधांची कायमची आरोपी आहे. तिला आजवर कोणी वकील दिलेला नाहीं. आई या दोन्ही पक्षांना एकच उत्तर देई: "मीं वास घेतला होता." पुढें तेंही देईनाशी झाली. शेजारणी वाट्या घेऊन येत नाहींशा झाल्या. तीन वर्षांनीं वडिलांची बदली झाली तेव्हां सर्वांत जास्त आनंद तिला झाला असावा.

आतां प्रयोगशाळेकडे येतों. मी इंग्रजी वाङ्मय शिकवितों. विज्ञानाशीं माझा संबंध मित्रांपुरता. आमचे रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक आणि त्यांचे दोन विद्यार्थी अन्नांतील अपायकारक जीवाणू ओळखणाऱ्या एका साधनावर काम करीत आहेत. "ये, एक गंमत दाखवितों," म्हणून त्यांनीं मला नेलें. गंमत अशी: बोटाच्या पेराएवढी काचेची पट्टी, आणि तिच्यावर हळदीसारखा पिवळा थर. तो कॅडमियम सल्फाइड नांवाच्या द्रव्याचा. त्याचे कण इतके सूक्ष्म कीं एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतले पांचपन्नास भाग मिळून एक कण व्हावा. एखादा जीवाणू असे हजारएक भाग रुंद असतो. म्हणजे त्या कणांपुढें तो डोंगरच. पट्टी मिठाच्या पाण्यांत बुडविली, खोलींतला दिवा मालविला आणि एका बाजूनें निळसर प्रकाशाचा झोत सोडला. त्याबरोबर यंत्राच्या कांट्यानें उडी मारली. प्रकाश बंद केला; कांटा खालीं. पुन्हां लावला, पुन्हां वर.

प्रकाश पडला कीं त्या कणांतले विद्युत्कण आपापली जागा सोडून उठतात आणि तारेंतून वाहूं लागतात, असा याचा अर्थ. ही गोष्ट नवी नाहीं. एदमों बेक्वेरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८३९ सालीं, वयाच्या १९ व्या वर्षीं, पाण्यांत बुडविलेल्या धातूच्या पत्र्यावर प्रकाश पडला असतां प्रवाह उत्पन्न होतो असें दिसलें होतें. नवें आहे तें पुढचें. त्या पिवळ्या थरावर मित्रानें डी. एन. ए. चे आंखूड तुकडे रोंवून ठेविले होते. हे तुकडे असे निवडलेले असतात कीं ते एकाच जातीच्या जीवाणूला धरतात, दुसऱ्याला शिवत नाहींत. आमच्यासमोर एका विद्यार्थ्यानें निरुपद्रवी जीवाणूंच्या पाण्याचा थेंब टाकला. आम्ही चहा घेतला. थोड्या वेळानें पुन्हां प्रकाश सोडला, तेव्हां कांटा पहिल्या उंचीपर्यंत गेलाच नाहीं. जीवाणू पट्टीवर येऊन बसले होते, आणि गर्दींत जशी वाट अडते तशी विद्युत्कणांची वाट त्यांनीं अडविली होती. जितके जीवाणू अधिक, तितका प्रवाह कमी. आंत जातो तो प्रकाश आणि बाहेर येते ती वीज, म्हणून एकाचा गोंगाट दुसऱ्यांत मिसळत नाहीं व फार थोडे जीवाणूही पकडतां येतात, असें मित्रानें समजाविलें. नेहमींच्या रीतीनें जीवाणू पेटीच्या उबेंत वाढवून ओळखावयाचे म्हणजे दोन-चार दिवस जातात, आणि तोंपर्यंत अन्न खाऊन, पचवून, प्रसंगीं त्यानें मरूनही झालेलें असतें. येथें काम अर्ध्या तासाचें.

मला अर्थातच आईच्या नाकाची आठवण झाली. मीं सहज म्हटलें, "आमच्या आईला याची गरज नव्हती, तिला वासानें कळे." आणि मग, एकदां नाक निघालेंच म्हणून, कोजागिरीची हकीकत सांगितली. मित्र हंसतील असें वाटलें होतें. ते हंसले नाहींत. त्यांनीं विचारलें, "दूध प्याल्यापासून उलट्या किती वेळानें?" अडीच-तीन तासांनीं, मीं सांगितलें. "ताप?" आठवत नाहीं, बहुधा नव्हता. "दुपारीं आटवून निवत ठेवलें होतें ना? उकाड्यांत? रात्रीं पुन्हां उकळलें?" सर्वाला होकार. मग ते जें बोलले त्यानें माझ्या चाळीस वर्षांच्या समजुतीचा पाया ढांसळला.

दूध नासविणारे जीवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बहुतकरून वेगळे. पहिले आम्ल उत्पन्न करतात, वास सोडतात, दूध फाडतात. ते आपली वर्दी आपणच देतात. दुसऱ्यांना तशी संवय नाहीं. त्यांतला एक स्टॅफिलोकॉकस ऑरियस. ऑग्स्टन या स्कॉच शस्त्रवैद्यानें १८८० सालीं त्याला गळवांच्या पुवांत पाहिलें, आणि त्याच्या आकृतीवरून द्राक्षाच्या घोंसाचें ग्रीक नांव त्याला मिळालें. तो आपल्या कातडीवर आणि नाकांत राहतो; धडधाकट माणसांच्याही. कोमट, गोड, दाट दूध त्याला मानवतें. चार-सहा तास मिळाले तर त्यांत तो वाढतो आणि एक विष सोडतो. त्या विषाला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. १९१४ सालीं फिलिपाइन्समध्यें बार्बर नांवाच्या शास्त्रज्ञानें एका मळ्यावरचें दूध स्वतः पुन्हां पुन्हां पिऊन हें दाखवून दिलें होतें: ताजें प्यालें तर कांहीं होत नसे, कांहीं तास तसेंच ठेवून प्यालें कीं आजार ठरलेला. आणि सर्वांत वाईट गोष्ट ही कीं उकळल्यानें जीवाणू मरतो, विष मरत नाहीं. आईनें रात्रीं दिलेली ती चांगली उकळी, जिच्यावर तिचा इतका विश्वास होता, तिनें खुनी मारला आणि सुरा तसाच ठेवला.

"मग तुमची ही पट्टी रात्रीं लावली असती तर?" मीं विचारलें. मित्र प्रामाणिक गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "रात्रीं कदाचित् घोटाळा झाला असता. मेलेला जीवाणू आणि जिवंत जीवाणू यांत हिची फसगत होते. विषासाठीं निराळी पट्टी हवी. तशा पट्ट्याही लोक करीत आहेत. शिवाय दूध हें पाणी नव्हे. त्यांतलें स्निग्ध आणि प्रथिनें पट्टीवर बसतात व कांटा खोटेंच खालीं आणतात. शुद्ध पाण्यांत जें साधतें तें दुधांत साधेपर्यंत आमचीं वर्षें जातात." कॅडमियम स्वतः विषारी म्हणून त्याच्या जागीं दुसरें कांहीं निरुपद्रवी द्रव्य बसवितां येईल काय, याचाही शोध चालू आहे. दुग्धालयांतून पूर्वापार चालत आलेली एक सोपी परीक्षा त्यांनीं मला दाखविली ती मला जास्त आवडली: दुधांत मेथिलीन ब्लू नांवाचा निळा रंग घालून तें उबेंत ठेवावयाचें. जीवाणू फार असले तर अर्ध्या तासांत निळा रंग उडून दूध पांढरें होतें. चांगलें दूध पांच-पांच तास निळें राहतें. पण तीही फक्त गर्दी मोजते. गर्दींतला चोर कोणता तें सांगत नाहीं.

घरीं येतांना गाडींत मला २०२४ सालची एक बातमी आठवली. त्या वर्षीं जानेवारीच्या अखेरीस आमच्या शहापूर तालुक्यांतल्याच एका आश्रमशाळेंत दुपारच्या जेवणानंतर शंभराहून अधिक मुलांना विषबाधा झाली होती. शाळांतील माध्यान्ह भोजनाबद्दल सरकारचा दंडक असा आहे कीं, मुलांना वाढण्यापूर्वीं शिक्षकानें अन्न चाखून पाहावें. दंडक वाईट नाहीं. चाखणाऱ्याची काळजीच त्यांत दिसते. पण ती काळजी ज्या उपकरणावर विसंबली आहे तें म्हणजे पुन्हां जीभच. नगरांतल्या प्रयोगशाळांत प्रकाशाच्या झोतानें एकेक जीवाणू मोजावा आणि ज्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरांत एका वेळीं तीनशें पानें वाढावयाचीं तेथें मास्तरांच्या जिभेवर भिस्त ठेवावी, यांत कांहीं तरी उलटें आहे. मुंबईच्या नळाचें पाणी तपासलेलें असतें आणि पाड्यावरच्या हंड्याचें नसतें, त्याच जातीचें हें उलटें. मित्राची पट्टी स्वस्त होईल तेव्हां ती प्रथम परदेशीं पाठवावयाच्या कोळंबीला लागेल, असा माझा अंदाज आहे. तो चुकला तर मला आनंद होईल.

असो. खरी गोष्ट यापुढें आहे, आणि ती सांगावी कीं न सांगावी याचा मीं बराच विचार केला. निरोप घेतांना मित्र सहज बोलून गेले होते: "सकाळीं दोन तास आटविलेल्या दुधांत कांहींच जिवंत राहिलेलें नसणार. जें आलें तें मागाहून आलें. बहुधा कोणाच्या तरी हातांतून. बोट पिकलेलें असलें म्हणजे तर विचारूंच नका." त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. कारण त्या कोजागिरीच्या आदल्या आठवड्यांत ब्लेडनें पेन्सिल तासतांना माझें उजव्या हाताचें बोट कापलें होतें. तें पिकलें होतें. त्याला चिंधी बांधलेली होती. आणि दुपारीं, आई जरा आडवी झाली असतां, मांजरावर लक्ष ठेवण्यासाठीं मला माजघरांत बसविलें होतें. आटीव दुधावर धरलेली साय अकरा वर्षांच्या मुलानें किती वेळ नुसती पाहावी? मीं झांकण उचललें. एकदां नव्हे.

हें सिद्ध झालें असें मी म्हणत नाहीं. दुधाचा थेंब शिल्लक नाहीं. आईच्या, शेजारणींच्या, दूध घालणाऱ्याच्या कोणाच्याही हातांतून तें आलेलें असूं शकेल. पण पुरावा नसतांना दोष कोणावर तरी बसतोच, आणि तो बसावयाला जवळचा माणूस सोयीचा असतो. मुंबईंत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन यांचें उदाहरण सर्वांना माहीत असावयास हवें. १८९७ च्या जानेवारींत ती लस त्यांनीं प्रथम स्वतःला टोंचून घेतली. १९०२ सालीं पंजाबांत मुल्कोवाल येथें परळच्या प्रयोगशाळेंतून गेलेल्या एका बाटलींतील लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं, आणि ठपका हाफकिन यांच्यावर आला. बाटली उघडतांना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, ही गोष्ट पुढें महत्त्वाची ठरली; परंतु हाफकिन निर्दोष ठरावयाला १९०७ साल उजाडावें लागलें. त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्यें त्यांचें नांव देण्यांत आलें. त्यांच्यासाठीं निदान रोनाल्ड रॉससारखीं माणसें वर्तमानपत्रांतून भांडलीं. माझ्या आईसाठीं भांडणारें कोणी नव्हतें. चिमटा ज्याच्या हातून पडला तो तर तिच्याच मांडीवर डोकें ठेवून दुसऱ्या दिवशीं लिंबाचें सरबत पीत होता.

आई आतां पंच्याऐशींची आहे. कान मंद झाले आहेत. नाक अजून चांगलें. पुढच्या रविवारीं तिच्याजवळ बसून मीं जीवाणूची, विषाची, प्रकाशाच्या पट्टीची सर्व हकीकत सांगितली. शेवटीं म्हटलें, "आई, त्याला वासच नसतो. कुणाच्याच नाकाला तें कळलं नसतं."

ती कांहीं वेळ भाजी निवडीत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मीं उगाच वास घेतला म्हणायचा."

मग मीं सायीचें सांगितलें. बोटाचें, चिंधीचें, झांकणाचें. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं सायीच्या चोरीची कबुली देतांना माझा आवाज कांपावा, हें मला चमत्कारिक वाटलें. पण तो कांपला. आईनें हातांतली मेथीची काडी खालीं ठेवली.

"साय मोडलेली मीं संध्याकाळींच पाहिली होती," ती म्हणाली. "डावेनं सारखी करून घेतली. मांजर झांकण पुन्हां ठेवीत नाहीं रे."

"मग तूं कधीं बोलली कां नाहींस?"

"कुणाला बोलायचं? त्या पोरीच्या आईला?"

मी गप्प राहिलों. तिनें पुन्हां भाजी पुढें ओढली आणि जरा वेळानें, दुसऱ्याच कांहीं गोष्टीची चौकशी करावी तशा स्वरांत, विचारलें, "त्या तुझ्या मित्राच्या पट्टीला किती वेळ लागतो म्हणालास?"

"अर्धा तास."

"अर्धा तास होता आपल्याकडे," आई म्हणाली. "चंद्र वर यायचा होता."